पाण्यात निजणारा डोंगा

मी एक जुना डोंगा, म्हणजे ओंडक्यातून कोरलेली होडी आहे, आणि मित्रांनो, आज मला पाण्याबाहेर काढणार आहेत! या क्षणी मी आमच्या गावच्या तळ्यात, पोटावर दगड घेऊन, गाळात बुडून पडलो आहे. तळ्याच्या पाळीवर, बांधावर, पावले वाजताहेत असा मला सारखा भास होतो आणि लाकडाचा असूनही माझ्या अंगात धडधड होते. मला वर काढले की कळेल, मी अजून तरंगतो की नाही. तरंगलो, तर माझे धनी इस्तारीभाऊ खाट सोडून पुन्हा तळ्यावर येतील. नाही तरंगलो, तर काय होईल ते मला बोलवत नाही. म्हणून माणसे येईपर्यंत मी तुम्हाला गोकुळाबाईची गोष्ट सांगून घेतो. नीट सांगता येईल का, कोण जाणे. मी जन्मभर फक्त ऐकत आलो आहे.

मी मूळचा आलापल्लीच्या जंगलातला साग. पण आतून पोकळ. डेपोत लिलाव झाला तेव्हा माझे भरीव भाऊबंद पलंग आणि दरवाजे व्हायला ऐटीत निघून गेले. मला लोक उलटवून पाहत, वाजवून पाहत आणि पुढे जात. मी खजील होऊन कोपऱ्यात पडलो होतो. मग आरमोरीकडचा एक तरुण आला. त्याने माझ्या पोकळीत डोके घातले आणि तो आतूनच हसला.

"अरे, याचं अर्धं काम तं देवानंच करून ठेवलं!"

हे इस्तारीभाऊ. ढिवराघरचे, तळ्यावर मासे धरून जगणारे. त्यांनी मला वाकसाने कोरून डोंगा केले. करंजीचे तेल चोळायला त्यांची नवी नवरी आली. तिच्या हातांची लग्नाची हळद अजून उतरली नव्हती. तिने इतके तेल जिरवले की इस्तारीभाऊ म्हणाले, "डोंग्यालेच सारं तेल पाजतेस, दिव्याले बी उरव!" ती म्हणाली, "हा आपल्याले पोसन. पहिले यालेच पाजीन." तीच गोकुळा.

तिची एक रीत होती. तळ्यात शिरताना ती ओंजळभर पाणी माझ्या टोकावर ओतायची आणि म्हणायची, "चाल रे." तेवढ्याने मला वाटे, मी पोकळ आहे म्हणूनच तर कामाचा आहे!

दोन लेकरे झाली, धनराज आणि दामिनी. ती अजून लहान असताना इस्तारीभाऊंच्या उजव्या अंगावरून लकवा गेला. हात लुळा पडला, जीभ जड झाली. गावाला वाटले, आता हा डोंगा विकला जाणार. मलाही तसेच वाटले. पण दुसऱ्याच आठवड्यात गोकुळाबाई लुगड्याचा काष्टा घट्ट मारून आली. इस्तारीभाऊंना तिने पाठीला टेका देऊन माझ्या पुढच्या टोकाशी बसवले आणि लांब बांबू स्वतःच्या हाती घेतला.

पाळीवरून कोणीतरी ओरडले, "काऊन इस्तारी, आता बायको चालवते का डोंगा?"

इस्तारीभाऊंना बोलता येईना. गोकुळाबाईने मान वळवली. "तळ्याले का समजते भाऊ, बांबू कोनाच्या हातात आहे ते? तुमाले जमत नसन तं तुमीबी या, शिकवीन!"

पाळीवर हशा पिकला आणि मी असा सरसर निघालो की पाण्याला दोन बाजूंनी मिशा फुटल्या! त्या दिवसापासून नवरा कधी खाटेवर एकटा पडून राहिला नाही. जाळे ती टाकायची, पण कुठे टाकायचे ते इस्तारीभाऊंना विचारायची. ते डाव्या हाताने दाखवायचे. मासा सापडला की म्हणायची, "पाहा, तुमीच पकडला." मी ऐकत असे. तिला जागा ठाऊक नसायच्या असे नाही. पण ती रोज विचारायची.

हिवाळा लागला की शिंगाडे. वेलाखाली हात घालून शिंगाडा तोडायचा म्हणजे काट्यांशी झोंबी. तिची बोटे काळी पडत, सोलवटत. दामिनी माझ्या तळाशी शिंगाड्यांच्या ढिगावर पाटी-पुस्तक घेऊन बसे आणि मोठ्याने वाचे. मायला वाचता येत नव्हते, पण लेक अडखळली की बांबू थांबे. "पुन्हा वाच. हे बरोबर नाई वाटलं कानाले." आणि खरेच ते चुकलेले असे! त्या शिंगाड्यांवर धनराज शिकला, बल्लारपूरला कारखान्यात कामाला लागला. दामिनीही शिकली, गावातल्या शाळेत शिकवू लागली.

आता माझ्या झोपेचे सांगतो, कारण सारी गोष्ट तिथेच अडली आहे. उन्हाळ्यात तळे आटते. लाकडाचा डोंगा बाहेर उन्हात राहिला, तर वाळून फाटतो. म्हणून आमच्याकडे त्याला पाण्यातच बुडवून ठेवतात. गोकुळाबाई मला तळ्याच्या खोल भागात न्यायची, पोटात दगड रचायची आणि मी पुरता बुडालो की म्हणायची, "झोप आता. तळं भरलं का उठवीन." तिने एकदाही उठवायला उशीर केला नाही.

मागच्या वर्षी मात्र तळे भरले आणि ती आली नाही. मी वाट पाहिली. पाणी वाढत गेले, वरून बदके पोहत गेली, शेजारचे डोंगे एकेक करून उठले. मग माझे दगड उचलले गेले. उचलणारे हात धनराजचे होते. तो रडत होता. तेव्हा मला कळले. वैशाखात, मला निजवून गेल्यावर थोड्याच दिवसांनी तिच्या छातीत दुखू लागले होते, आणि दवाखान्यातून ती परत आलीच नव्हती.

धनराजचा जीव आईवर फार. त्याने मला घासूनपुसून घरच्या अंगणात आणले. टिनाचे छप्पर घातले, विटांवर ठेवले, हळदकुंकू लावले, झेंडूचा हार घातला. माझ्या टोकाशी गोकुळाबाईचा फोटो ठेवला. येणारा-जाणारा हात जोडू लागला. पोरीबाळी माझ्याजवळ उभ्या राहून मोबाईलवर फोटो काढू लागल्या. खोटे कशाला बोलू, मित्रांनो, सुरुवातीला मी हुरळून गेलो! लिलावात कोणी न विचारलेला मी, आज देव झालो होतो.

पण देव कोरडा असतो. मी वाळू लागलो. टिन तापले की अंग करकरायचे. आणि फाल्गुनात, भर दुपारी, टोकापासून बैठकीपर्यंत मला भेग गेली. त्या आवाजाने खाटेवरचे इस्तारीभाऊ दचकून उठले. गोकुळाबाई गेल्यापासून त्यांनी तोंडातून शब्द काढला नव्हता. ते माझ्याकडे बघत राहिले आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून निजले.

गोकुळाबाईची वर्षी आली. अंगणात पंगत बसली. एक पाहुणा हात धुता धुता म्हणाला, "हा फुटका डोंगा कायले ठेवला? चांगलं सागाचं जळतन आहे."

धनराज ताडकन उठला. "मायची आठवण आहे ते! हात लावून दाखवा!"

तेवढ्यात शेजारची बायनाबाई, गोकुळाबाईची जन्माची मैत्रीण, पत्रावळ ठेवून पुढे आली. "आठवण आहे तं अशी पापडावानी वाळवतेत का रे? तुही माय तं याले पाण्यात निजवे."

"पाण्यात सडला तं, मावशी? मायची हीच एक वस्तू उरली."

आणि मग, मित्रांनो, खाट करकरली. इस्तारीभाऊ काठी टेकत टेकत माझ्यापाशी आले. डाव्या हाताची बोटे त्यांनी माझ्या भेगेत घातली.

"गोकुळा असती," ते जड जिभेने म्हणाले, "तं तुले चपलीनं हाणती, धनराज."

वर्षभरात पहिल्यांदा त्यांचा आवाज ऐकला! बायनाबाई खुदकन हसली आणि हसता हसता डोळे पुसू लागली. धनराज बापाचा हात धरून उभा होता. इस्तारीभाऊ म्हणाले, "पाण्यात ठेवा त्याले. मले बी तळ्यावर न्या. दोघंबी सुकून राह्यलो इथी."

भेग बुजवायला राळ वितळवली. तिच्यात भिजवायला जुनी, मऊ, सुती चिंधी हवी होती. दामिनी घरात गेली आणि पेटीतून आईचे लुगडे घेऊन आली. धनराजने ते ओढून छातीशी धरले. "हे नाई. हे नाई फाडाचं."

दामिनी हळूच म्हणाली, "दादा, माय पेटीत राहे का कधी? दिवसभर तं पाण्यात राहे."

धनराजने लुगडे छातीपासून काढून उलगडले. मग त्याने स्वतःच लुगड्याचा काठ दातात धरला आणि लांब पट्टी फाडली.

ती पट्टी माझ्या भेगेत आहे. त्याच दिवशी मला तळ्यावर आणले. धनराजच्या मोटारसायकलवर, मागून बायनाबाईने धरून ठेवलेले इस्तारीभाऊ आले. दगड रचले गेले. "झोप आता," इस्तारीभाऊ म्हणाले. "तळं भरलं का उठवू." तेव्हापासून मी पाणी पितो आहे. लाकूड फुगले की भेग मिटते, असे सगळे म्हणत होते. मिटली का? मला माझे कळत नाही.

थांबा! ही पावलेच आहेत! दगड उचलला. दुसरा उचलला. धनराज कमरेइतक्या पाण्यात उतरला आहे. बायनाबाई काठावरून ओरडते आहे, "हळू रे, मशीन नाई ते कारखान्यातली!" मी वर येतो आहे. केवढे हे ऊन! आतले पाणी उपसले. फडक्याने पुसले. मला पाण्यावर सोडून ते सारे बघत उभे आहेत. इस्तारीभाऊ काठावरून वाकतात, आतून भेगेवरून तळवा फिरवतात, पुन्हा फिरवतात. तळवा उचलून लेकाला दाखवतात.

कोरडा!

मित्रांनो, मला मोठे उपदेश जमत नाहीत. एवढेच मागतो. तुमच्या घरी कोणा देवाघरी गेलेल्या माणसाची एखादी वस्तू असेल, पाटा असेल, शिलाई मशीन असेल, तर तिला हार घालून कोपऱ्यात बसवू नका. तिला हाती घ्या, तेल पाजा, राबवा. ते माणूस जिथे राबत होते, तिथे तिला घेऊन जा.

आता मला वेळ नाही. इस्तारीभाऊ पुढच्या टोकाशी, त्यांच्या जुन्या जागी बसले आहेत. दामिनीने बांबू हाती घेतला आहे. "बाबा, जाळं कुठी टाकू?" ती विचारते, आणि त्यांचा डावा हात वर जातो. मग ती वाकते, ओंजळभर पाणी माझ्या टोकावर ओतते.

"चाल रे."

हा मी निघालो!