गंगाबुवांची झारी

बहात्तरच्या दुष्काळात येरमाळ्याजवळच्या आमच्या गावात एकाच विहिरीला पाणी उरलं होतं, आणि गावात ढाळ-उलट्यांची साथ आली होती. तरी विहिरीवर रोज सकाळी जत्रा भरे. गंगाबुवा नावाचे महाराज त्या विहिरीचं पाणी सगळ्यांदेखत झारीत ओतून घेत, तोटीनं पीत आणि ठणठणीत राहत. मग म्हणत,

"गंगामाई शुद्ध हाय! औषध टाकून तिला बाटवू नका. श्रद्धा ठेवाल तर पोट शाबूत राहील!"

जे आजारी पडले त्यांची श्रद्धा कमी पडली, असं ठरलं.

गावातल्या श्रीपतीची बायकोही साथीनं आजारी होती. तिची लुगडी तो विहिरीच्या काठावर पोहऱ्यात बुडवून धुई आणि तोच पोहरा पुन्हा आत सोडी. कुणी हटकलं तर म्हणे, "माझा पोहरा, माझी मर्जी." दुसऱ्याच्या मर्जीत तोंड घालणं आमच्याकडं वाईट दिसतं.

मथुराबाईची नात झोळीत निपचित पडली होती. नर्स तारामतीबाईंपुढं म्हातारी रडली, "बाई, इहिरीत औषध टाका वो."

गाव टाकू देईना. मग तारामतीबाईंनी एका बादलीत विहिरीत टाकायच्या लाल औषधाची चिमूट टाकली. पाणी जांभळं झालं.

"महाराज, आज हे घ्या. तुमच्यापुढं औषधाचं काय चालणार?"

बुवांनी ते झारीत ओतलं आणि तोटी तोंडाला लावली. ओघळ पांढऱ्या धोतरावर उतरला. डाग पडला नाही.

"औषध पळालं!" श्रीपती ओरडला. दोन नारळ फुटले.

मथुराबाईनं ते बिनडागाचं धोतर पाहिलं, झारी हिसकावली आणि उपडी केली. वरच्या तोंडातून जांभळं पाणी पडलं, तोटीतून स्वच्छ. आत मधोमध पत्रा झाळून दोन कप्पे केले होते. तोंडाचा आणि तोटीचा एकमेकांशी संबंधच नव्हता.

"तोटीतलं कुठलं?" तारामतीबाईंनी विचारलं.

"उकळल्यालं," बुवा पुटपुटले. "आमची प्रकृती नाजूक हाय."

पाणी उकळून प्या, हे नर्सबाईंचं सांगणं ऐकणारा गावात एवढा एकच माणूस निघाला.

"पर माझ्या पोहऱ्यावर मर्जी माझीच," श्रीपती म्हणाला.

"तुझ्या घरात काय बी पी," मथुराबाई म्हणाली. "इहीर माझ्या नातीची बी हाय."

त्या दिवशी विहिरीत औषध पडलं. नात दवाखान्यात वाचली. श्रीपतीनं बायकोला दवाखान्यात नेलं नाही आणि ती गेली. तिची मर्जी कुणी विचारली नव्हती.

श्रद्धा ज्यानं त्यानं आपल्या घरी सांभाळावी. पाणी उकळून प्यावं, आणि आपला आजार दुसऱ्याच्या घागरीत सोडू नये.