फटफटबाबांचा लाल दोरा

धक्क्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. नावेच्या मागच्या फळीवरची छोटी मोटर तीन वर्षं मुकी होती, आणि फटफटबाबांनी तिच्यावर हात ठेवून दोरी ओढताच ती फटफटायला लागली! बाबांनी हात उचलला, मोटर गप्प.

"चमत्कार!" एकजण ओरडला. बाकीच्यांनी री ओढली. ओढायला दुसरं काही नव्हतंच.

शिंपीणबाई मात्र मोटरीकडे टक लावून बघत होती. मोटर तिच्या नवऱ्याची. तो गेल्यापासून ती शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून होती. नुसत्या शिवणावर घर भागेना, म्हणून पलीकडच्या काठाला माणसांची ने-आण करायचं बाईने ठरवलं. आठवडाभर दोरी ओढून खांदा भरून आला, पण मोटर हूं की चूं करेना. शेवटी सासूबाईंनी बाबांना बोलावलं. बाबा तीन दिवस शेडचं दार लावून मोटरीसह 'साधनेला' बसले.

"बाई," बाबा आता डोळे मिटून म्हणाले, "यात तुझा नवरा आहे. तुझ्यावर रागावलाय. तुझ्या हाताला दाद द्यायचा नाही. बघ ओढून."

तिने दहादा दोरी ओढली. मोटर ढिम्म.

"मोटर माझ्या मठाला दे. त्याची सुटका होईल."

"देऊन टाक गं," सासूबाई रडत म्हणाल्या. "माझ्या लेकराचा जीव अडकलाय."

 नवऱ्याच्या आजारपणात शिंपीणबाई एकदा त्याच्यावर खेकसली होती, ते अजून सलत होतं. असेलही रागावलेला, असं क्षणभर वाटलं. मग वाटलं, राग आला की तो गच्चीवर जाऊन झोपायचा. मोटरीत मावण्याइतका तो कधीच बारीक नव्हता!

तिने डोळे पुसले आणि बाबांच्या मनगटाकडे नीट पाहिलं. तिथे गंड्यादोऱ्यांचं जंगल माजलं होतं. जन्मभर दोऱ्यावर पोट भरणाऱ्या बाईला त्यातला एक खुपला. ना सुती, ना रेशमी. प्लास्टिकचा, वेटोळ्यांचा, आणि टोकाला छोटी क्लिप.

"बाबा, हा लाल दोरा कसला?"

"गुरुप्रसाद! बारा वर्षांच्या तपाचा."

"तपावर कंपनीचा छाप असतो होय?"

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. बाबा हात मागे घेणार, तोच बाईने मनगट धरलं, क्लिप मोटरीच्या लाल बटणाखाली खोचली आणि दुसऱ्या हाताने दोरी ओढली. मोटर फटफटली. क्लिप उपटली, मोटर बंद. पुन्हा खोचली, ओढली, पुन्हा सुरू!

"बघा! चालवणारा पाण्यात पडला तर मोटर थांबावी म्हणून ही असते. आमचे हे रोज मनगटाला अडकवायचे. बाबा साधनेला बसेपर्यंत ती जागेवरच होती. हात ठेवताना बाबा हळूच खोचतात, उचलताना काढतात."

"मग क्लिप जागेवर होती तेव्हा आठवडाभर का चालली नाही?" सासूबाईंनी विचारलं.

बाईने शेडमधून एक डबा आणला. त्यात काळा पडलेला प्लग, झिजलेला टूथब्रश आणि तळाशी चिकट, आंबूस वासाचं पेट्रोल.

"ही साधना कसली, बाबा? आता तुम्हीच सांगा."

बाबांनी गर्दीकडे पाहिलं. पळायला वाट नव्हती. मागे पाणी होतं.

"कार्बुरेटर चोंदला होता," ते पुटपुटले. "पेट्रोल नासून डिंकासारखं झालेलं. साफ करून ताजं भरलं." मग राहवेना म्हणून, "प्लगही नवा घातलाय. अस्सल!"

धक्का हसून लोळला.

"हातात एवढं कसब, आणि धंदा लोकांच्या दुःखाचा?" शिंपीणबाई म्हणाली. "गॅरेज काढा. पहिलं गिऱ्हाईक मी. पण तो दोरा आधी सोडा."

बाबांनी दोरा सोडला आणि गर्दीतून वाट काढत निघून गेले.

सासूबाईंनी सुनेचा हात धरला. "म्हणजे... तो रागावलेला नाही?"

"नाही हो, आई. ते गेलेत. आपण आहोत."

 सासूबाई लुगडं सावरून नावेत बसल्या. बाईने दोरा मनगटाला बांधला आणि काठावरच्यांना म्हणाली, "बंद पडलेली वस्तू उघडून बघावी, नाहीतर जाणत्याला दाखवावी. आणि कोणी नुसता हात ठेवून चमत्कार केला, तर पाया पडण्याआधी त्याचा हात तपासावा!"