म्होरचा थाळा

"तानी, वाढलेलं ताट कुनाच्या म्होरनं वढायचं न्हाय. मानसाच्या न्हाय, जनावराच्या बी न्हाय. ध्यानात ठेव गं."

मालुबाईंचं हे सांगणं मी इतक्यांदा ऐकलं आहे, की माझ्या पत्र्यात ते मुरून गेलं आहे. परवापर्यंत माझ्यात वाळलेलं रक्त होतं. म्हणून सारखं तेच आठवतं.

मित्रांनो, मी जर्मनचा एक जुना थाळा आहे. आमच्या बेळगाव-निपाणी भागात ॲल्युमिनियमला जर्मन म्हणतात. निपाणीच्या बाजारात मला विकत घेतलं, माझ्या काठावर टिंबं टिंबं ठोकून 'मालुबाई' असं नाव घातलं आणि लग्नाच्या भांड्यांबरोबर मी मच्छे गावात आलो. काही वर्षं मी स्वयंपाकघरात मिरवलो. मग घरात स्टील आलं, मला पोचे पडले आणि माझी रवानगी गोठ्याच्या कोनाड्यात झाली. शेतावर राबायला येणाऱ्या बायकांना मालुबाई माझ्यात जेवायला वाढायच्या. आग्रह करून, पोटभर वाढायच्या. पण जेवण झालं की त्या बायकांनीच मला धुवायचं आणि कोनाड्यात पालथं घालायचं. घराचा उंबरा मला बंद होता. शेतावर राबणारी तानीबाईची सासू माझ्यात जेवली, पुढे तानीबाईही जेवली. रोज महादेवाला बेल वाहणारा मालुबाईंचा मऊ हात मला घरात का नेत नाही, हे मला कधी कळलं नाही. थाळ्यानं विचारायचं तरी कुणाला?

शेताच्या कडेनं कारखाने उभे राहिले, तशी मालुबाईंच्या मुलानं, मारुतीरावांनी, तिथं शेड घातली आणि कुत्र्यांचं पाळणाघर काढलं. गोव्याला फिरायला किंवा गावी लग्नाला जाणारी माणसं आपली कुत्री तिथं ठेवून जात. तानीबाई तिथं कामाला लागली आणि गोठ्यातून मीही गेलो. मी झालो रॉकीचा थाळा. रॉकी मारुतीरावांचा स्वतःचा कुत्रा. काळाभोर, मानेनं रेड्यासारखा. तानीबाईनं त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं, तरी तिनं मालुबाईंचा नेम कधी मोडला नाही. पिंजऱ्याच्या जाळीखालून मला आत सरकवायची. रॉकी खाऊन कोपऱ्यात जाऊन बसला, की मगच लोखंडी आकड्यानं मला बाहेर घ्यायची. माझ्या काठावर त्याच्या दातांचे व्रण आहेत, ते त्या सुखाच्या दिवसांतले. नारळाच्या शेंडीनं घासून ती मला उन्हात धरायची आणि म्हणायची, "बघ, आरशावानी दिसूलास!" एवढं कौतुक मला स्वयंपाकघरातही मिळालं नव्हतं.

मग यंदाचा श्रावण आला.

मारुतीरावांना व्हिडिओ काढून फोनवरून लोकांना दाखवायचा नाद होता. श्रावण लागला आणि रॉकीचा भोला झाला. कपाळावर भस्माचे पट्टे आले. मटणाचे तुकडे बंद झाले, पातळ दूधभात सुरू झाला. सोमवारी तर दिवसभर काहीच नाही, संध्याकाळी आरती झाल्यावर थाळा. 'श्रावण पाळणारा भोला' म्हणून लोक हात जोडल्याच्या खुणा पाठवत होते. 'आमच्यापेक्षा हे मुकं जनावर बरं,' असं कुणीतरी लिहिलेलं मारुतीरावांनी मोठ्यानं वाचून दाखवलं. तेव्हा ते मुकं जनावर मला कोरडा चाटत होतं. चाटून चाटून त्याची जीभ सोलली होती. मित्रांनो, भुकेला रिकाम्या थाळ्याइतकं जवळून कुणी पाहत नाही.

मालुबाईंनी एकदा जाळीपाशी येऊन विचारलं, "मारुती, हे काय करूलास रं? उपास माझा हाय. त्याला कशाला?"

"आई, लोकांना लई आवडूलंय."

मालुबाई पूजेला निघून गेल्या.

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी संध्याकाळी तानीबाईला जाळीच्या आत उभं केलं. एका हातात भोलाचा पट्टा, समोर मी. माझ्यात दूधभात, वर शोभेला बेलाचं पान. भोलाची लाळ माझ्यात टपटपत होती. बाहेरून मारुतीरावांनी फोन धरला. आरती वाजली, संपली. पट्टा सुटला आणि भोलानं माझ्यात तोंड घातलं.

"थांब थांब! उजेड बरोबर न्हाय आला. तानीबाई, थाळा वढून घे. परत एकदा करू."

"अण्णा, आता नगं. तोंड घातलंय त्यानं."

"अगं एकदाच! लोकं वाट बघूल्यात."

"मग आकडा तरी द्या."

"आकडा व्हिडिओत दिसंल न्हवं!"

तानीबाईची बोटं माझ्या काठावर आली. तिनं मला जेमतेम वीतभर ओढलं असेल.

पुढचं मी सगळं सांगत नाही. त्यानं तिचा हात कोपराखाली धरला आणि सोडला नाही. शेजारच्या कारखान्यातली माणसं पाण्याची नळी घेऊन धावली, तेव्हा कुठं सुटला. हाड मोडलं होतं. रक्त माझ्यात आलं, भातात मिसळलं, पान तरंगलं. तानीबाईला बेळगावला दवाखान्यात नेलं. गर्दी पांगल्यावर मारुतीराव परत आले. मला वाटलं, जमीन धुवायला आले असतील. ते फोन बघत उभे राहिले. व्हिडिओ पूर्ण पाहिला. मग पुसून टाकला. मला नळाखाली भिरकावलं, नळ काही सोडला नाही.

त्यानंतर माझ्याशेजारी उभं राहून ते फोनवर प्रत्येकाला एकच सांगत होते. "तिच्या हाताला मटनाचा वास हुता हो. ती लोकं श्रावन कुठं पाळत्यात?" ज्या हातानं आकडा मागितला, त्याच हाताला वास चिकटवला! माझ्यातल्या रक्ताला मुंग्या लागल्या होत्या. त्या मुंग्यांची मला एवढी किळस वाटली नाही.

जनावरांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, की कुत्रा पिसाळला आहे का ते कळायला दहा दिवस त्याला बंद ठेवून पाहावं लागतं. "ते दिवस सरले की द्या इंजेक्शन," मारुतीराव म्हणाले, "विषय मिटला." तोवर जाळीखालून शिळा भात फेकला जाई, तोही कुणाला आठवण झाली तर.

ते दहा दिवस भरायच्या आतच, रविवारी, तानीबाई आली. हात गळ्यात बांधलेला, सोबत तिची लेक उपासना. तानीबाई जाळीपासून लांब उभी राहिली. भोलानं आवाज दिला, तशी ती आणखी मागं सरली. मालुबाई घरातून लगबगीनं आल्या.

"आक्का, माझ्या हाताला कसला वास हुता, तुमी सांगा."

मालुबाईंनी पदर तोंडाला लावला.

"गावभर झालंय ते. दवाखान्यात बी बाया इचारत्यात."

"तानी, त्याला मारायचं म्हनूलाय मारुती. तुझ्या जिवाला तेवढंच बरं वाटंल..."

"मला त्याचा लळा न्हाय ऱ्हायला आक्का. परत त्याच्या म्होरं मी उभी ऱ्हाणार न्हाय. पर तो मेला की विषय मेला. थाळा कुनी वढाय लावला, मग कोन इचारनार?"

तिचं म्हणणं तिनंच पुढं सांगितलं. कुत्र्याला जिवंत ठेवा. आत कुणी माणूस जायचं नाही, बाहेरून ओढता येईल असं मधलं दार बसवा. त्याला पोटभर घाला. आणि खरं काय झालं ते चारचौघांत सांगा.

"सांगते," मालुबाई म्हणाल्या. "थाळा बी रिकामा ऱ्हायचा न्हाय. शब्द दिला."

उपासना हसली. ते हसू कडू होतं. "आज्जी, पातळ दूधभातानं त्याचं काय हुतंय? मटन-हाडं लागत्यात त्याला. उद्या सोमवार. तुमच्यातनं कोन जानार दुकानात?"

"उपी, गप गं," तानीबाई म्हणाली. पण प्रश्न तिथंच उभा राहिला आणि दोघी निघून गेल्या.

मित्रांनो, चावणाऱ्या कुत्र्याला जाऊन मिठी मारा, असं मी सांगणार नाही. त्याच्या दातांना मी ओळखतो. पण कुणी चावलं तर आधी त्याच्यापुढचा थाळा पाहा. तो कुणी रिकामा ठेवला आणि कुणी ओढायला लावला, ते विचारा. आणि नेम धरायचा तर आपल्या तोंडाला धरा. दुसऱ्याच्या भुकेवर वाहिलेला बेल देवाच्या पायांपर्यंत पोचत नाही, हे मी आतून पाहिलं आहे.

सोमवारी सकाळी मालुबाईंची पूजा नेहमीसारखी झाली. मग त्या नळापाशी आल्या. मला उचललं आणि उंबऱ्याच्या आत नेलं. कितीतरी वर्षांनी मी ते स्वयंपाकघर पाहिलं. आपल्या हातानं त्यांनी मला राखेनं घासलं. रक्त सुटताना त्यांनी तोंड फिरवलं, तरी थांबल्या नाहीत. काठावरच्या नावातली राखसुद्धा बोटानं धुतली. मग मला पदराखाली घेऊन त्या बाहेर पडल्या.

"आई, सोमवारचं कुठं निघालीस?" मारुतीरावांनी विचारलं.

"उपास माझा हाय. तो माझ्यापाशीच ऱ्हाऊ दे."

चौकात चहाच्या टपरीवर गावातला परशराम बसला होता, सोबत आणखी चारपाच जण. तो अदबीनं उठला. "आक्का, देवळात व्हय?"

"न्हाय बाबा. मटनाच्या दुकानात."

मालुबाईंनी पदर बाजूला केला आणि मला सगळ्यांना दिसेल असं दोन्ही हातांत धरलं.

"हा भोलाचा थाळा. हा माझ्या लेकानं वढाय लावला. तानीच्या हाताला कसला बी वास न्हवता."

आवाज नेहमीसारखा हळू होता. त्यांना नाकाला पदर लावावासा वाटला असेल, पण दोन्ही हातांत मी होतो. देवळाची वाट डावीकडं राहिली आणि त्या उजवीकडं चालू लागल्या.