ऐच्छिक, पण पाच तारखेच्या आत

आमच्या मंडळाचे अध्यक्ष बाळासाहेब यांनी पहिल्या लॉकडाउनमध्ये एक जपानी मालिका पाहिली आणि त्यांना माणुसकीचा पुळका आला. मालिका बेकायदा सावकारी करणाऱ्या एका माणसाची होती. केशकर्तनालयाच्या माडीवर त्याचं ऑफिस. व्याज दर दहा दिवसांनी. वसुलीला गेला की दारात बूट नीट जुळवून ठेवायचा आणि मगच आत शिरायचा. बाळासाहेबांनी तेरा भाग चार दिवसांत संपवले, मग त्याच कथेवरचा सिनेमाही पाहिला, आणि मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं, 'कसे लोक असतात बघा. दुसऱ्याच्या अडचणीवर जगतात. आपण भाग्यवान, आपले संस्कार वेगळे.' खाली बेचाळीस जणांनी हात जोडले. त्यात मीही होते, कारण त्या महिन्याचे चाळीस युरो मी त्यांना अजून पाठवले नव्हते.

मी समता. नेदरलँड्समध्ये, डेल्फ्टला जलव्यवस्थापनात मास्टर्स करत होते. मार्च २०२०मध्ये हॉटेलं बंद झाली आणि स्टेशनजवळच्या ज्या हॉटेलात मी भांडी घासायची, तिथे घासायला भांडीच उरली नाहीत. खोलीचं भाडं थकलं, फीचा हप्ता तोंडावर आला. माझे बाबा नांदेडला पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेले. निवृत्तीचा सगळा पैसा त्यांनी माझ्या पहिल्या वर्षात घातला होता. उरलं होतं ते राहतं घर. मला निरोप देताना ते हसत म्हणाले होते, 'लागलंच तर घराचे कागद कपाटात आहेत.' हसत म्हणाले, तरी ते बोलतात तसंच करतात हे मला ठाऊक होतं. म्हणून बाकी काहीही होवो, बाबांना यातलं काही कळू द्यायचं नाही, एवढं मी ठरवून टाकलं.

बाळासाहेब बेस्टला राहतात. आइंडहोवनजवळच्या त्या गावात निम्मे लोक कुठल्या ना कुठल्या यंत्राचा एखादा स्क्रू डिझाइन करत असतात. यांचा स्क्रू मोठा असावा, कारण घर स्वतःचं, मागे बाग आणि बागेत बुद्धाची मूर्ती. मूर्ती शोभेची, फर्निचरच्या दुकानातून आणलेली. मंडळात मी आडनाव सांगितलं की लोक क्षणभर थांबतात आणि मग जरा जास्तच आपुलकीने बोलतात. बाळासाहेब थांबले नव्हते. मला ते त्यांचं मोठेपण वाटलं होतं. सावकाराला आडनावाशी काय करायचंय, हे मला उशिरा कळलं.

मी फोन केला तेव्हा त्यांनी दोन हजार युरो त्याच दिवशी पाठवले. व्याजाचं विचारलं तर दुखावले. व्याज घेणं आपल्याला शोभत नाही, म्हणाले. मी फक्त मंडळासाठी दरमहा चाळीस युरो देणगी द्यावी. मंडळाचं खातं खजिनदार मेधाताईंकडे असतं आणि त्या प्रत्येक गोष्टीला पावती मागतात, तेव्हा उगाच त्यांना त्रास नको, पैसे बाळासाहेबांच्याच खात्यावर पाठवावेत, ते पोचवतील. ट्रान्सफर करताना खाली 'देणगी' असं लिहावं.

"अगदी ऐच्छिक आहे हं," ते म्हणाले. "पण पाच तारखेच्या आत."

दोन हजारांवर महिन्याला चाळीस म्हणजे वर्षाला चोवीस टक्के. त्याच उन्हाळ्यात इथल्या सरकारने करोनामुळे व्याजाची कमाल मर्यादा दहा टक्क्यांवर आणली आणि बाळासाहेबांनी ती बातमीही ग्रुपवर टाकली, 'स्तुत्य निर्णय' असं लिहून. त्यांचं बरोबरच होतं. ते कुठे व्याज घेत होते?

ती मालिका ज्या जपानी कॉमिकवरून निघाली, त्याचे अकरा खंड माझ्याकडे होते. डेल्फ्टच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात युरोला एक मिळाले होते, पहिला आणि शेवटचा सोडून. म्हणजे सावकार कुठून आला आणि पुढे त्याचं काय झालं हे मला माहीत नाही, तो मधे काय करतो तेवढं पक्कं माहीत आहे. कॉमिकमधला सावकार नुसता सावकार आहे. मालिकेने त्याला दुःखी बालपण आणि एक म्हातारी मांजर दिली. सिनेमात तो शेवटी पुलावर उभा राहून रडतो. पडदा जेवढा मोठा, तेवढा सावकार प्रेमळ. राहिली होती फक्त मराठी आवृत्ती.

ती डिसेंबरमध्ये निघाली. संक्रांतीच्या कार्यक्रमाला झूमवर एकांकिका करायचं ठरलं, आणि कॉमिक माझ्याकडे असल्याचं कळल्यावर बाळासाहेबांनी मला लिहायला सांगितलं. सावकाराचं काम ते स्वतः करणार होते. 'नाही' म्हणायची सोय नव्हती. त्याच फोनवर त्यांनी स्वयंपाकघर नवं करायला काढल्याचंही सांगितलं. त्यामुळे मुद्दल एकतीस जानेवारीपर्यंत हवं. नाही जमलं तर काही हरकत नाही, ते बाबांशी बोलतील, बाबा काही परके नाहीत. बाबांचा नंबर त्यांच्याकडे होता. परदेशातल्या पोरांची काळजी म्हणून मंडळाने आमच्या सगळ्यांच्या घरचे नंबर घेऊन ठेवले होते, आणि ही कल्पनाही त्यांचीच. कॉमिकमधला सावकार निदान दारात बूट तरी काढतो.

त्या दिवशी मी खूप रडले आणि मग चिडून लिहायला बसले. मला कल्पनाशक्ती वापरावीच लागली नाही. बाळासाहेब माझ्याशी जे जे बोलले होते ते सगळं मी सावकाराच्या तोंडी घातलं, अगदी स्वल्पविरामासकट. व्याज शोभत नाही, ते घातलं. परके नाहीत, तेही घातलं. हस्तलिखित पाठवून दिलं आणि आता हा माणूस मला फाडून खाणार म्हणून फोन उलटा ठेवून बसले.

तासाभराने त्यांचा फोन आला. संवाद फार जिवंत उतरलेत, म्हणाले. असली माणसं मी पाहिली आहेत, अस्सेच बोलतात. एकच सूचना होती. सावकार 'महिनाअखेरपर्यंत' म्हणतो, त्याऐवजी 'पाच तारखेच्या आत' म्हणाला तर जास्त खरं वाटेल. ती ओळ माझ्याकडून राहून गेली होती, त्यांनी स्वतःच्या हाताने भरली. शिवाय शेवटी सावकाराला उपरती होऊन तो सगळ्यांना तिळगूळ वाटतो, असा प्रसंग त्यांनी वाढवला. मी हो म्हटलं. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात, पण इथे चोराच्या मनात अमावस्यासुद्धा नव्हती.

संक्रांतीच्या रविवारी दुपारी चार वाजता झूमवर त्रेसष्ट चौकोन जमले. नेदरलँड्स पुन्हा कडकडीत बंद होतं, त्यामुळे गर्दी चांगली होती. मायदेशी घरच्यांना बघता यावं म्हणून वेगळी लिंक असायची, तीही मंडळाकडून आमच्या घरच्या नंबरांवर परस्पर जायची. बाबांना मी सांगितलं होतं की कार्यक्रम नेटका होत नाही, आवाज तुटतो, बघू नका. पावणेचारला बाळासाहेबांचा मेसेज आला, 'ऑल द बेस्ट. ३१ लक्षात आहे ना? बाबांचा नंबर तोच ना?' पुढे हसरा चेहरा आणि पतंग.

एकांकिका रंगली. कर्जदार मुलीचं काम मीच केलं. बाळासाहेब खांद्यावर शाल घेऊन, आवाज जराही न चढवता माझ्याकडे पाहत बोलले आणि चॅटमध्ये टाळ्यांचा पूर आला. डीमन गावच्या चित्राताईंनी लिहिलं, 'इतका हुबेहूब सावकार जपान्यांनाही जमला नसेल.' शेवटी त्यांनी कॅमेऱ्यासमोर तिळगुळाची वाटी धरली. एकदोघांनी डोळे पुसले.

मग मेधाताईंचं आभारप्रदर्शन. आमच्या मंडळात नाटक पडलं तर चालतं, देणगीदाराचं नाव राहिलेलं चालत नाही. पाच युरो दिले तरी नाव रकमेसकट वाचायचं, हा नियमही बाळासाहेबांनीच घालून दिलेला. मागे एकदा शिरीष नावाच्या गृहस्थांचे दहा युरो वाचायचे राहिले होते, ते अजून कार्यक्रमाला येत नाहीत. मेधाताईंनी यादी वाचली. पंधरा युरो, वीस, पंचवीस. आणि सगळ्यात शेवटी, जरा थांबून, या वर्षीची सर्वांत मोठी देणगी, आपले अध्यक्ष बाळासाहेब, तीनशे युरो.

त्यांनी हात जोडून मान झुकवली. माझ्या चाळीस युरोंसाठी मी नऊ महिने कोबी आणि भात खाल्ला होता. तो कोबी यांच्या नावाने वाचला जात होता.

"कुणाचं नाव अनवधानाने राहिलं असेल तर अवश्य सांगावं," मेधाताईंनी नेहमीचं वाक्य म्हटलं.

हात दाखवून अवलक्षण, पण मी हात वर केला. माइक उघडला.

"माझं राहिलं, मेधाताई. समता. मे महिन्यापासून दरमहा चाळीस, एकूण तीनशे साठ युरो. बाळासाहेबांच्या खात्यावर पाठवलेत, दर वेळी खाली देणगी लिहून."

मेधाताईंनी चष्मा लावला, वही उघडली, पानं उलटली. त्यांच्याकडे नोंद नव्हती. त्यांनी अध्यक्षांना विचारलं. ते वेगळं होतं, असं बाळासाहेब म्हणाले. वेगळं म्हणजे काय, असं मेधाताईंनी विचारलं, आणि त्यांना खरोखरच उत्तर हवं होतं, त्यांना वहीत लिहायचं होतं. आता दोनच रस्ते होते. व्याज म्हणावं तर ते सावकार, देणगी म्हणावं तर मंडळाचे पैसे खाल्लेले. बाळासाहेबांचा चौकोन इतका स्तब्ध झाला की कुणीतरी त्यांचं नेट गेलं का विचारलं.

तेवढ्यात आइंडहोवनच्या लहूचा माइक उघडला. त्याचंही नाव राहिलं होतं, दरमहा पंचवीसप्रमाणे दोनशे. मग अश्वजितचे साडेतीनशे. मग आर्या, जिने सहसा कॅमेराही लावलेला नसतो, तिचे दीडशे. आम्ही चौघं दर महिन्याला ग्रुपवर भेटत होतो आणि एकमेकांपासून हेच लपवत होतो. मेधाताईंनी बेरीज केली आणि मोठ्याने वाचली. एक हजार साठ.

बाळासाहेबांनी खांद्यावरची शाल सारखी केली. सगळी रक्कम आजच मंडळाकडे वळती करतो, म्हणाले, माझ्याकडून जरा विलंब झाला, एवढंच. मेधाताईंनी ती नोंदवली आणि आम्हा चौघांची नावं रकमेसकट वाचली. त्रेसष्ट चौकोनांनी टाळ्या वाजवल्या. पैसे आम्हाला परत द्यावेत असं कुणालाही सुचलं नाही. देणगी परत मागायची नसते. तरी मला फार बरं वाटत होतं. आता हा माणूस कुठल्या तोंडाने बाबांना फोन करणार होता?

त्याने केला नाही. फोन बाबांचाच आला, लिंक बंद होऊन पाच मिनिटंही झाली नव्हती. आवाज अजिबात तुटत नव्हता, म्हणाले, सगळं स्वच्छ ऐकू आलं. नाटक छान लिहिलं होतंस. मी पुढे काही बोलायच्या आत त्यांनी खाकरून घसा साफ केला. पस्तीस वर्षं मनीऑर्डरच्या खिडकीत बसलेला माणूस आहे तो.

"देणगी दर महिन्याला तेवढीच नसते, बाळ," ते म्हणाले. "तेवढंच असतं ते व्याज. मुद्दल किती?"

मला खोटं बोलता आलं नाही. आकडा सांगितला. पलीकडे लोखंडी कपाटाचं दार करकरलं.