शेठ रडतो तेव्हा

सूर्यफुलाचं बी. मधोमध अलगद फोडलेलं, आतला गर काढून घेतलेला, आणि टरफल पुन्हा वाटीत ठेवून दिलेलं — जसं काही कोणी खाल्लंच नाही. पुतळाबाईनं ते बोटांत धरलं, दाबलं, टाकलं मात्र नाही. पिंजऱ्यात शेठ एका पायावर उभा. राखाडी अंग, लाल शेपूट, आणि माणसाकडे बघताना ज्याची बाहुली लहानमोठी होते तो पिवळट डोळा.

बोल. बोल रे मेल्या, एकदा तरी...

धनेशनं त्याला घरी आणला तेव्हा तिनं कपाळाला हात लावला होता. जमिनी गोडाऊनवाल्यांना गेल्या, पोरांच्या हातात पैसा खुळखुळला. कोणी गळ्यात जाडजूड साखळ्या घातल्या, कोणी गाड्या उडवल्या, आणि हिच्या लेकानं काय आणलं, तर आफ्रिकेचा पोपट! "आये, माणसासारखा बोलतो ह्यो." गावात माणसं काय कमी बोलतात का रं? पण बघता बघता शेठ धनेशच झाला. तोच घोगरा आवाज, तोच शेवटाला वर चढणारा लाडीक सूर — "आये, जेवाला वाढ गो!" ती हातातलं टाकून ताट घ्यायला धावायची, आणि धनेश सोफ्यावर हसून लोळायचा... मग मानकोलीच्या नाक्यावर त्याची बाईक कंटेनरखाली गेली. कंटेनर आपल्याच जमिनीवरच्या गोडाऊनला चालला होता की दुसऱ्या, कोणी सांगितलं नाही. सांगून काय होणार होतं? सगळे कंटेनर सारखेच, सगळे ड्रायव्हर झोपेचे उपाशी, आणि त्यांना पळवणारे शेठलोक रात्री एसी लावून सुखानं घोरतात.

दुखवट्याला बाया येत राहिल्या. घोळक्यानं यायच्या. बेल वाजली की घरातल्या बाईनं उठायचं, दारात जाऊन हेल काढायचा, गळ्यात गळा घालून मेलेल्याचं नाव घेत रडायचं. तो घोळका चहा पिऊन उठला की पुन्हा बेल, पुन्हा हेल. रीतच ती. नाही रडली तर आई कसली? आणि पिंजरा हॉलमध्येच. हलवायचं कोणाला सुचणार? शेठ मान वाकडी करून ऐकत होता. धनेशच्या आवाजातलं बोलणं त्याचं तेव्हापासून बंदच.

तेराव्यानंतर एका सकाळी बेल वाजली, दूधवाला होता, आणि पिंजऱ्यातून तिचाच गळा फुटला — "माज्या धनेशा रंऽऽ, कवा येशील रं राजाऽऽ..." हुंदक्यासकट. नाक ओढण्यासकट. आणि लगेच, मध्ये श्वाससुद्धा न घेता, रोजच्या साध्या आवाजात — "माधवी, चाय ठेव. साखर कमी टाक."

दूधवाला हसला नाही, हे त्याचे उपकार.

मी असं म्हटलं? म्हटलंच असेल, दर वेळी म्हटलं असेल... आलेल्या बाईला चहा नको? रडता रडता माझा एक डोळा दाराकडं होताच की, कोण आली, कोण आली नाही. म्हणून काय ते खोटं होतं? आतडं तुटत होतं आणि तोंड साखर सांगत होतं. दोन्ही मीच.

तिनं बेलची वायर काढायला लावली. टीव्ही बंद. घरात कोणी मोठ्यानं बोलायचं नाही — वरचा, रडण्याचा आवाज थांबला तर तळातला, लेकाचा, पुन्हा वर येईल म्हणून. त्याला ते 'जेवाला वाढ गो' पुन्हा शिकवायचीही सोय नव्हती. शिकवलं तर तो तिच्याच आवाजात शिकणार. धनेशच्या रील्स होत्या, पण सगळ्यांवर गाणी चढवलेली, त्याचे नुसते ओठ हलतात. सुनेच्या फोनमध्ये त्यानं बोलून पाठवलेले मेसेज आहेत. माधवी बाथरूममध्ये नळ सोडून ते ऐकते. नवऱ्यानं बायकोला पाठवलेलं ते... सासूनं मागायचं कुठल्या तोंडानं?

आज दुपारी दार वाजलं. वज्रेश्वरीची बायजाबाई, पुतळाबाईची नणंद. खुब्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून इतके दिवस येता आलं नव्हतं. काठी भिंतीला टेकवून तिनं हात पसरले, "पुतळेऽऽ, गेला गो आपला पोर..." पुतळाबाई उठली, दारात आली, तोंड उघडलं — आणि मागून शेठ सुरू झाला. सगळा हेल, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग चहा. मग साखर.

बायजाबाई रडायची थांबून पिंजऱ्याकडं वळली.

"अगो बाय... ह्यो तर तुझ्यावानीच रडतो गो!"

बायजाबाईनं पिंजऱ्याकडून नजर पुतळाबाईकडं आणली.

"आता तू रड की. का पाखराला ठेवलंस कामाला?"

"आत्या, बसा," स्वयंपाकघरातून माधवीचा कोरडा आवाज आला. "ऐकलंय मी. ठेवलाय चहा."

पुतळाबाईला रडू आलं नाही. बायजाबाई पदरानं डोळे पुसत बोलत राहिली — माझ्याकडं आला की चुलीपाशीच बसायचा, बोलायचा, आत्ये, भाकर करपली तरी चालंल, पण तुझ्या हातची दे... तिनं त्याच्यासारखं बोलून दाखवलं, अजिबात जमलं नाही. असा नव्हता गं बोलत, पुतळाबाई मनात म्हणाली, आणि तो कसा बोलायचा ते आठवायला गेली. आये, जेवाला वाढ गो. आलं. लगेच आलं. पण त्याच्या आधी चोचीची टकटक होती, आणि मागून बारीक शीळ... हा शेठ, धनेश नव्हे. मागं जा. शेठ यायच्या आधी, धनेश दहावीला असताना, तापात पडला होता, उशाशी मी, काहीतरी मागत होता — ओठ दिसले, सुकलेले, हलणारे. आवाज नाही. त्याच्याही मागं, उंबऱ्यात बसून चिंबोरीची नांगी फोडणारा, काहीतरी ओरडून सांगणारा... नाही. जिथं जाईल तिथं तोंड हलतंय, आणि आवाजाच्या जागी तेच एक वाक्य, पिंजऱ्यातलं. मग इतके दिवस मी दार लावून, श्वास धरून राखत बसले ते काय?

शेठनं पिसं फुलवली. मान खाली घेतली, गळ्याखाली काहीतरी हललं — बोलण्याआधी हलतं तसं. हे दिसलं की ती रोज पिंजऱ्याला कान लावायची. आज ती जागची हलली नाही. धनेशच्या आवाजात बोलला तर खरा धनेश कधीच आठवायचा नाही... या विचारानं तिच्या अंगावर सर्रकन काटा आला, आणि तो आनंदाचा नव्हता.