एफ्राइनचा निवडुंग

एफ्राइन माझ्या मांडवाच्या कुडाला पाठ टेकून बसला आणि म्हणाला, "मावशी, सोमवारी माझी छाती उघडणार आहेत. त्याआधी मला माझा निवडुंग दाखव."

हातातली अर्धी विणलेली टोपली मी खाली ठेवली. तेवढ्यात त्याने कुडावर थाप मारली. "मजबूत केलायस गं. या लाकडी फासळ्या कुठून आणल्यास?"

"रानातून," मी म्हणाले आणि त्याला पाणी द्यायचं निमित्त करून आत गेले.

त्या फासळ्या त्याच्याच निवडुंगाच्या होत्या. दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरच्या वादळात तो खांबाएवढा निवडुंग मुळासकट आडवा झाला. पुढच्या उन्हाळ्यात त्याचा गर झडून आतलं लाकूड उघडं पडलं. चांगलं लाकूड वाळूत कुजवायचं कशाला, म्हणून मी ते उचलून आणलं. बावीस वर्षं शहरात राहिलेला माणूस एक दिवस येऊन त्याची चौकशी करील, असं माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

आमच्यात मूल झालं की त्याची वार निवडुंगाच्या बुंध्याशी पुरत. मग तो निवडुंग त्या माणसाचा. सुखदुःखात माणूस तिथे जाऊन बसतो. माझी आई सुईण होती, त्यामुळे कुणाचा कुठला हे तिच्यामागे मलाच ठाऊक. हल्ली बाळं शहरातल्या इस्पितळात होतात आणि वारेचं काय होतं ते कुणी विचारत नाही. मलाही कुणी विचारत नाही.

निवडुंग पडला म्हणजे माणूस पडतो, असं आमच्यात कुणी म्हटलेलं नाही. पण सोमवारी छाती उघडायची असलेल्या माणसाला त्याचा निवडुंग पडलाय हे सांगणार कोण?

उन्हं चढायच्या आत आम्ही निघालो. समुद्र पाठीमागे राहिला. एफ्राइन दर शंभर पावलांवर थांबायचा, मागे समुद्रातल्या बेटाकडे बघतोय असं दाखवायचा आणि श्वास गोळा करायचा. मीही थांबायचे. गुडघे दुखतात म्हणून सांगायचे. खरं तर गुडघ्यांचं काही नव्हतं, काय करावं तेच सुचत नव्हतं. ओढ्याशी वाट फुटते. डावीकडे गेलं की त्याच्या पडलेल्या निवडुंगाचा खड्डा. मी उजवीकडे वळले.

"हाच?" त्याने मान वर करून विचारलं.

"हाच."

तो भोवती फिरला. मग बोटांवर त्याच्या फांद्या मोजू लागला. "आई म्हणायची, माझ्याला तीन हात आहेत. याला तर पाच दिसतात."

आईच्या कामात मी आजवर खोटं बोलले नव्हते. "बावीस वर्षं तोंड दाखवलं नाहीस," मी म्हणाले. "तेवढ्या वर्षांत तुझं पोट सुटलं, त्याला दोन हात फुटले तर बिघडलं कुठे?"

तो हसला आणि हसता हसता छाती धरून वाकला. इथेच याला काही झालं तर मी काय करणार, कुणाला हाक मारणार? पण तो सावरला. बुंध्यावर एका जागी काटे झिजून गेलेत, नेमका तिथेच त्याने तळवा टेकला. मग तिथेच सावलीत बसून, डोळे मिटून पुटपुटत राहिला.

ते काटे माझ्या हाताने झिजले आहेत. नवऱ्याची होडी परतली नाही तेव्हा मी तिथेच तीन दिवस बसून होते. खरं सांगते, त्याचा हात तिथे बघून माझा जीव तुटला. दिलेलं परत मागावंसं वाटलं.

बऱ्याच वेळाने एफ्राइनने डोळे उघडले. त्याच्या चेहऱ्याचा रंग जरा परतला होता. "मावशी, तुझा कुठला गं?"

याचा विचारच मी केला नव्हता.

"पडला," मी म्हणाले. "दोन वर्षांपूर्वीच्या वादळात."

तो माझ्याकडे बघत राहिला, मग माझ्या हातांकडे. याला कळलं की काय, म्हणून मी पदराआड हात लपवले. निवडुंगाची सावली ती केवढी, त्याच्या पाठीपुरती. तो उठून बाजूला सरकला. त्याचा अर्धा खांदा उन्हात गेला.

"ये, इथे बस," तो म्हणाला. "माझा तो तुझाच समज. मी सोमवारी तिकडे असेन, तेव्हा तूच येऊन बस."

मी माझ्याच निवडुंगाखाली पाहुण्यासारखी, अंग चोरून बसले. सूर्य वर येत गेला तशी सावली सरकत होती आणि तिच्याबरोबर आम्ही दोघंही थोडं थोडं सरकत राहिलो.