तुएनच्या बरणीचं झाकण

माझा दीर तुएन जपानहून परत आला तो चिनीमातीच्या पांढऱ्या बरणीतून. तिकडे उत्तरेला, मासे गोठवायच्या कारखान्यात तो कामाला होता. एका सकाळी उठलाच नाही. तिकडे माणूस जाळतात, आमच्याकडे पुरतात. पण परमुलखात मेलेल्याला त्याची रीत कोण विचारतो? त्याच्या खोलीत राहणाऱ्या एकाने बरणी मांडीवर धरून विमानातून आणली, सासूबाईंच्या हातात दिली आणि चहासुद्धा न घेता निघून गेला. थांबला असता तर त्याला रडू आवरलं नसतं.

तेत, आमच्या नव्या वर्षाचा सण, आठवड्यावर आला होता. बाहेर नदीकाठची ती चिकट भुरभुर चालली होती, जी धड पाऊसही नसते आणि धड धुकंही नसतं. सासूबाईंनी भाजक्या मातीची पेटी आणून ठेवली होती. आमच्याकडे पुरलेल्याची हाडं काही वर्षांनी वर काढतात, सुवासिक पाण्याने धुतात आणि अशा पेटीत डोक्यापासून पायापर्यंत नीट लावून कायमची पुरतात. तुएनची मधली वर्षं गळली होती, एवढाच फरक.

"एकदा बघीन त्याला," सासूबाई म्हणत होत्या, "आणि माझ्या हाताने निजवीन." याखेरीज त्यांना कुणाकडून काही नको होतं.

घोडं अडलं ते झाकणाशी. झाकण पोलादी, बरणीच्या गळ्यावर बाहेरून टोपीसारखं बसलेलं, आणि ते तसूभरही हलेना. माझा नवरा थाच गवंडीकाम करतो, हाताचा दणकट माणूस. त्याचेही तळवे लाल झाले. शेवटी तो हातोडी घेऊन आला.

"ठेव ती खाली," सासूबाई म्हणाल्या.

"आई, एकच टोला. हळूच मारतो, गळ्यापाशी."

"एवढ्या लांबून पोर न फुटता आलं, आणि तू त्याला घरात आणून फोडणार? सख्खा भाऊ ना रे तू?"

थाचने हातोडी खाली ठेवली आणि तोंड फिरवून उभा राहिला.

गावातल्या सगळ्यांची हाडं धुवायला आणि लावायला ज्यांना बोलावतात ते खामकाका ओसरीवर विडी ओढत बसले होते. ते म्हणाले, "वहिनी, बंद बरणीत माणूस पाहुणा राहतो, घरचा होत नाही, हे मलाही कळतं. पण मुहूर्त दुपारपर्यंतच आहे. नाहीच निघालं झाकण, तर बरणीच ठेवू पेटीत. काय करणार?"

 सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी तालुक्याच्या शाळेत दहावीला भौतिकशास्त्र शिकवते, आणि या घरात त्याचा उपयोग आजवर फक्त मला टोमणे मारायला झालेला आहे.

"काय गं दिएप, रूळ उन्हात का वाकतात ते जगाला शिकवत फिरतेस. तुझ्याच्याने एक झाकण निघत नाही?"

मला राग आला होता. झाकणाचा, जपानचा, कुणाला न सांगता निघून गेलेल्या तुएनचा. पण धडा तर मला पाठ होता. झाकण तापलेलं असताना बसवलं असणार. मग थंडीत पोलाद आकसलं आणि गळ्याला आवळून बसलं.

"थाच, बर्फ आण," मी म्हणाले. "बरणी बर्फात ठेवायची आणि झाकणावर कढत पाण्याची फडकी. बरणी आकसेल, झाकण फुगेल, की सुटलंच."

सासूबाईंनी बरणी उचलली आणि छातीशी धरली.

"बर्फात? माझा तुएन बर्फात?"

"आई, थोडाच वेळ..."

"फोन केला की म्हणायचा, आई, बोटं माझी मला कळत नाहीत. दिवसभर बर्फात उभा असायचा. मेला तोही थंडीत. आता कुठे घरी आलाय तर तू त्याला परत बर्फात घालणार? हेच शिकवतात का तुमच्या कॉलेजात?"

"अहो आई, त्याला आता..."

"त्याला आता काय? बोल ना."

मी तोंडातला शब्द गिळला. तेवढी अक्कल मला होती.

चुलीपाशी जाऊन मी कोळसा घेतला आणि फरशीवर गणित मांडलं, खरं तर रडू येऊ नये म्हणून. गळ्याचा व्यास सोळा सेंटिमीटर. गुणिले प्रसरणांक, गुणिले तापमानातला फरक. बर्फाने बरणी दहा अंशांनी गार झाली तर किती आकसेल? उत्तर आलं मिलिमीटरचे सहा हजारांश. म्हणजे काहीच नाही! चिनीमाती असल्या थंडीला दादच देत नाही. वर्गात मी पोरांवर ओरडते, आधी गणित करा, मग तोंड उघडा. आणि घरात मीच अकलेचे तारे तोडले होते.

मग मी उलटं करून पाहिलं. बरणी आणि झाकण दोन्ही एकदम पन्नास अंशांनी तापवली तर? पोलाद फुगेल मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढं आणि चिनीमाती त्याच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाने. दोघांच्या मधे उरते ती फट कागदाच्या जाडीपेक्षाही कमी, पण झाकण सुटायला तेवढी पुरते.

"आई, बर्फ नको," मी म्हणाले. "त्याला आंघोळ घालू या. सगळ्यालाच, झाकणासकट, चांगल्या गरम पाण्याने. फक्त एकदम कढत नको, तडकेल. आधी कोमट, मग वाढवत न्यायचं."

"ते मला सांगतेस होय? मीच न्हाऊमाखू घातलंय त्याला." आवाज तोच होता, पण त्यातली धार गेली होती.

तेतच्या आधी बाजारात जून कोथिंबिरीच्या जुड्या येतात, फुलांवर आलेल्या. सणाच्या आंघोळीला आम्ही तीच उकळतो, आणि मेलेल्यालाही तिच्याच पाण्याने न्हाऊ घालतो. सासूबाईंनी मोठं पातेलं चढवलं. घरभर तो वास भरला. बरणी परातीत उभी केली आणि त्या पाण्यात कोपर बुडवून, अंदाज घेत घेत, तांब्या तांब्या ओतू लागल्या.

"चटका बसतोय का रे? नाही ना? मान वर कर बघू. लहानपणी कसा पळायचा, आठवतं का रे थाच? साबण डोळ्यात गेला की शेजारच्यांच्या दारात उघडाच!"

"आठवतं," थाच म्हणाला. तो आता उघड उघड रडत होता.

प्रत्येक तांब्यागणिक पाणी अधिक गरम होत गेलं. मी बोट लावून बघत होते. भांडं हाताला पोळायला लागलं तशी मी थाचला खुणावलं. त्याने टॉवेल गुंडाळून झाकण धरलं, जरा पिळलं, आणि एक बारीकसा आवाज होऊन ते त्याच्या हातात आलं. मला एवढा आनंद झाला, की क्षणभर आत काय आहे तेच मी विसरले.

सासूबाईंनी हात पुसून पेटीत लाल कापड अंथरलं. खामकाका बरणीतून एकेक तुकडा काढून त्यांच्या ओंजळीत देत होते आणि कुठे ठेवायचा ते बोटाने दाखवत होते. कवटीचे तुकडे, मणके, मांडीच्या हाडाचे चार लांबट तुकडे. फारच लवकर संपलं. तिकडे जाळल्यावर सगळी हाडं देत नाहीत म्हणे. पेटी अर्धीही भरली नव्हती. तुएन घराच्या दारातून वाकून आत येणारा माणूस होता.

सासूबाई बरणीत वाकून पाहत राहिल्या. मग त्यांनी आत हात घालून तळ चाचपला.

"एवढाच?"

खामकाकांनी रिकामी बरणी बाजूला ठेवली.

"दिएप," त्या माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "मघाशी तू म्हणालीस ना, गारठ्यात वस्तू आकसते?"

"हो आई."

"मग त्यानेच हा एवढासा झालाय का गं? तिकडच्या थंडीने?"

वर्गात कुणी असं लिहिलं असतं तर मी लाल शाईने आडवी रेघ मारली असती. खामकाका जमिनीकडे बघत होते. थाच माझ्याकडे बघत होता.

"हो आई," मी म्हणाले. "थंडीनेच."

"तरीच." त्यांनी शेगडी ओढून पेटीजवळ घेतली, निखारे फुलवले आणि पदराने घालावा तसा हाताने वारा घालू लागल्या. "मग लगेच झाकू नका. ऊब लागू दे त्याला."

खामकाकांनी मुहूर्ताचं नाव काढलं नाही. दुपार टळून गेली तरी आम्ही शेगडीभोवती बसून होतो, तो वाढायची वाट बघत.